साहेबांचा रिप्लाय आला

जळगाव, रविवार रात्र

अरे बाप्या,

फोन करणार होतो, पण फोनवर तू मधेच हसतोस आणि माझं मुद्द्याचं राहून जातं, म्हणून टाइप करतोय. इकडे सगळे ठीक, आईचा गुडघा आहे तसाच आहे.

तर माझ्या प्रमोशनच्या मेलवर साहेबांचा रिप्लाय आला भो. अंगठा. पिवळा अंगठा फक्त, बाकी एक अक्षर नाही.

अर्धं तुला माहितीच आहे. तू कंपनी सोडून गेलास, मग आपले शिफ्ट इनचार्ज काका रिटायर झाले आणि रात्रपाळी हळूहळू माझ्याच गळ्यात पडली. माणसं लावणं, स्क्रॅपचा हिशोब, ठिबकच्या नळीत ड्रिपर नीट बसत नसेल तर लाइन थांबवायची की चालू द्यायची, माल तपासणाऱ्या क्यूसीवाल्याशी तोंड वाजवणं, सगळं मीच. रजिस्टरमध्ये शिफ्ट इनचार्जच्या रकान्यात सही माझी, पगाराच्या स्लिपवर मात्र अजून सिनियर ऑपरेटर. उद्या 16 एमएम नळीच्या बंडलात 40 सेंटीच्या जागी 60 वर ड्रिपर निघाला तर बोलावणं कोणाला येईल सांग.

आणि नाही असं कोणी म्हणतच नाही रे, तेच तर दुखणं आहे. मार्चमध्ये अप्रेझलचा फॉर्म भरला तर म्हणे आखाजी, अक्षय्य तृतीया होऊ दे, सध्या माल हलवायचाय. चला मान्य, मे महिन्यात बागायती कपाशीवाले लॅटरलच्या नळ्यांसाठी डीलरच्या दारात बसलेले असतात, त्यांच्यामागे मृगबागेचे केळीवाले. सीझन आटोपला तर म्हणे ठिबकच्या सरकारी सबसिडीचे पैसे अडकलेत. छोट्या शेतकऱ्याला 80 टक्के, मोठ्याला 75, ते सुटणार तेव्हा डीलरचा हात मोकळा होणार, मग कंपनीचा, मग माझी इनचार्जची ग्रेड. म्हणजे कुठल्यातरी यावलच्या केळीवाल्याच्या फायलीला माझं प्रमोशन टाचलेलं आहे, त्या बिचाऱ्याला पत्ताही नाही. आता केळीच्या कांदेबागेची लागवड चालू झाली म्हणजे परत सीझन. एचआरवाली म्हणते रेकमेंडेशन डिपार्टमेंटकडून यायला पाहिजे, साहेब म्हणतात एचआरला टाकलंय, आणि दोघांच्या केबिनमध्ये काचेचं एक पार्टिशन आहे फक्त!

शेवटी तू म्हणायचास तसं मेल टाकला, दोघांना. स्क्रॅप किती खाली आणला, कोणत्या महिन्यात किती मीटर काढले, सगळं लिहिलं. शांतता. मग त्याचा स्क्रीनशॉट साहेबांना व्हॉट्सॲपवर टाकला, ब्लू टिक आली, शांतता. दसऱ्याला शुभेच्छा पाठवल्या तर मिनिटात 'सेम टू यू'. त्याच्या बरोब्बर वर माझा स्क्रीनशॉट होता भो, दिसला नसेल असं कसं म्हणू? आणि आज संध्याकाळी त्याच स्क्रीनशॉटखाली हा अंगठा.

घरात तर मीटिंगच बसली. बायको म्हणे मंजूर झालं, पेढे आणा. नाना म्हणे सोसायटीत कर्जाला अंगठा दिला की फेडायचं आपल्याला असतं, सांभाळून राहा. आणि मला आठवली तुझ्या बहिणीच्या लग्नाची रजा. तेव्हाही असाच अंगठा आला होता, तू निवांत हळदीत नाचलास आणि महिनाअखेरीला ॲबसेंट लागली. हे तुझ्याशिवाय कोणाला कळणार? म्हणून हे सगळं लिहितोय.

एक अजून, कोणाला बोलू नको. ग्रेड मिळाली की ओव्हरटाइम बंद. आत्ता थांबलो तर डबल रेट मिळतो, स्टाफमध्ये गेलो की 'आपलीच कंपनी आहे, थांबा थोडं'. सीझनला तर माझा हातात येणारा पगार काकांपेक्षा जास्त असायचा, काका त्यावरून चिडायचे पण. बायको विचारते मग कशाला पाहिजे ती ग्रेड. काय सांगू तिला. जमीन मी कसतोय तर सातबाऱ्यावर नाव माझं लागू दे, एवढंच आहे. नाहीतर उद्या डिग्रीवालं पोरगं आणून त्या रकान्यात बसवतील आणि माझ्या सह्या जातील रद्दीत.

तापीकाठच्या भरीत पार्टीत तू म्हणाला होतास, साहेब आपला माणूस आहे हे डोक्यातून काढ. मला अजून पटत नाही ते. नानांच्या मोतीबिंदूला त्यांनीच ॲडव्हान्स काढून दिला, एका शब्दावर. त्यांनाही वरून कोणी उत्तर देत नसेल असं वाटतं मला. तू चिडशील, चिड. पण त्या भांडणाच्या नादात बामणोदच्या एवढ्या सुंदर वांग्यांचा तू कोळसा केलास आणि आम्ही ठेचा नि कळण्याची भाकरी खाऊन उठलो, ते विसरू नको.

तर आता ठरवलंय असं की उद्यापासून इनचार्जच्या रकान्यात सही करायची नाही. काम सगळं करायचं, रकाना कोरा. डिस्पॅचवाले बोंब मारतील, साहेबांना स्वतः खाली यावं लागेल, मग तोंडावर विचारतो की साहेब, अंगठा कशाचा होता. त्यात ते 'पाहिलं म्हणून टाकला' म्हणाले तर? तेव्हा काय बोलायचं ते सुचत नाहीये. तू सांग. तुझ्यासारखा राजीनामा फेकून मला जमणार नाही, नानांना सोडून चाकणला येऊ शकत नाही, तेव्हा ते सोडून काहीतरी सांग.

तुझ्या फ्लॅटचं लोन झालं का? पोरीचे दात आले म्हणे, फोटो टाक. दिवाळीला महाराष्ट्र एक्सप्रेसचं वेटिंग क्लिअर झालं तर कळव, स्टेशनवर येतो. वहिनींना सांग वांगी यंदा मी भाजणार. आणि माझी ड्रिल मशीन आण भो, बीटसकट.

तुझा,
पप्पू