गोंडघर फाट्यावर कुठलं कुंपण कमी पडलं?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पेपरात बॉर्डरवर भिंत बांधा असं सांगणारं एक पत्र आलं होतं, त्यात म्हटलंय की देशाच्या सगळ्या हद्दीवर पक्की भिंत घातली की घुसखोरी, स्मगलिंग, अतिरेकी सगळं एकदाच मिटेल आणि ज्यांना हे पटत नाही त्यांना देशाची काळजीच नाही. पहिली गोष्ट मला अर्धी पटली, दुसरी अजिबात पटली नाही, म्हणून लिहायला बसलो. मी श्रीवर्धन तालुक्यातला, घरचा धंदा मासेमारीचा. देशाची हद्द आमच्या दारात येऊन थांबते त्यामुळे या विषयावर आम्हालाही काही बोलायचा हक्क आहे असं मला वाटतं.

आधी जे पटलं ते सांगतो. फेन्सिंगचा काहीच उपयोग नाही असं म्हणणारे लोक पण चुकीचंच बोलतात. पंजाबच्या बॉर्डरवर १९८८ पासून तार आणि फ्लडलाईट लागायला सुरुवात झाली, तिथं त्या वेळी काय परिस्थिती होती ते आमच्या वयाच्या लोकांना आठवत असेल, रोज पेपरात मेलेल्यांचे आकडे असायचे. काश्मीरच्या एलओसीवरचं, म्हणजे पाकिस्तानबरोबरच्या नियंत्रण रेषेवरचं, कुंपण २००४ च्या सुमारास पुरं झालं, त्यानंतर तिथून आत येणाऱ्यांची संख्या बरीच खाली आली असं लष्करच सांगतं, आणि दर हिवाळ्यात बर्फाखाली ते कुंपण मोडतं, दर उन्हाळ्यात जवान ते परत उभं करतात, त्या पोरांच्या मेहनतीला माझा सलाम आहे. इस्रायलनं इजिप्तच्या बाजूला २०१३ पर्यंत कुंपण घातलं तेव्हा वर्षाला दहा हजारांच्या वर माणसं वाळवंटातून येत होती ती शंभराच्या आत आली. म्हणजे मोकळ्या जमिनीवर, जिथं पलीकडून माणसं चालत येतात, तिथं कुंपण काम करतं, हे मान्य.

पण त्याच इस्रायलनं गाझाच्या बाजूला सेन्सर, कॅमेरे, जमिनीखाली खोलवर भिंत असं सगळं बांधून डिसेंबर २०२१ मध्ये काम पूर्ण झाल्याचं जाहीर केलं आणि ७ ऑक्टोबर २०२३ ला बुलडोझरनं ते कुंपण तोडून माणसं आत शिरली. पंजाबात आता तारेवरून ड्रोन येतात, २०२४ या एका वर्षात बीएसएफनं तिथं अडीचशेच्या वर ड्रोन पकडले, त्यांना हेरॉईनची पाकिटं बांधलेली. जम्मूत सांबा भागात तारेखालून खणलेले बोगदे सापडलेत. आणि एलओसीचं कुंपण पुरं झाल्यावर चारच वर्षांनी, २००८ च्या नोव्हेंबरात, मुंबईवर २६/११ चा हल्ला करणारे ते दहा जण कुठून आले? समुद्रातून. जमिनीवरची वाट अवघड झाली तशी त्यांनी आमची वाट धरली, आणि आमच्या वाटेवर भिंत घालायची तर ती कुठं घालणार, समुद्रात की पुळणीवर?

आता या पत्राचा मूळ मुद्दा. १९९३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत आमच्याच तालुक्यात दिघी आणि शेखाडीला माल उतरला, शेखाडीच्या मालात आरडीएक्स होतं, आणि १२ मार्चला मुंबईत २५७ माणसं गेली. हे सगळ्यांना माहिती आहे. पण दिघीचा माल घेऊन जाणारी वाहनं गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडवली होती हे किती जणांना माहिती आहे? अडवली होती, आणि लाच ठरवून सोडून दिली. कस्टमचे अधिकारी पण सामील होते. हे मी चहाच्या टपरीवर ऐकलेलं सांगत नाही, अतिरेकी कारवायांचे खटले चालवणाऱ्या टाडा कोर्टात हे सिद्ध झालं आणि पोलीस, कस्टम दोन्हीकडच्या लोकांना शिक्षा झाल्या. आता मला सांगा त्या रात्री गोंडघरला कुठलं कुंपण कमी पडलं? नाका होता, नाक्यावर माणसं होती, त्यांच्या हातात बंदुका होत्या, गाडी थांबली पण होती. फक्त गाडीचं मागचं फळकं उघडून आत काय आहे ते बघायचं होतं. त्यांना वाटलं चांदी असेल, नेहमीची स्मगलिंग असेल, आपल्याला काय. दहा मीटर उंच भिंत असती आणि तिच्या गेटवर हीच माणसं असती तरी गाडी गेलीच असती ना.

या गोष्टीचा राग माझा अजून गेलेला नाही. कारण त्यानंतर कितीतरी वर्षं श्रीवर्धनचा माणूस म्हटलं की मुंबईत लोक वेगळ्या नजरेनं बघायचे, आमच्या पोरांना भाड्यानं खोली मिळताना प्रश्न विचारले जायचे, आणि लाच खाणारे काही सगळे इथले नव्हते.

२००८ चं पण तेच. त्या दहा जणांनी आधी काय केलं तर पोरबंदरचा कुबेर ट्रॉलर पकडला, चार खलाशी मारले, तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्या म्होरक्याला, मुंबई दिसेपर्यंत जिवंत ठेवलं आणि मग त्यालाही मारलं. म्हणजे या हल्ल्यात सगळ्यात आधी मेले ते मच्छीमार. रबरी होडीतून ते कफ परेडच्या मच्छीमार नगरात उतरले तेव्हा त्यांना पाहिलं कुणी आणि कोण कुठले म्हणून हटकलं कुणी? तिथल्या कोळी लोकांनीच. आणि १८ ऑगस्ट २०२२ ला हरिहरेश्वरला जी सोळा मीटरची बोट लागली, जिच्यात तीन एके-४७ सापडल्या, ती पण पहिल्यांदा गावच्या लोकांच्याच नजरेला पडली. पुढं कळलं की ती ओमानच्या बाजूला इंजिन बंद पडून जूनमध्ये सोडून दिलेली बोट होती, वाहत वाहत आली, घातपाताचा काही प्रकार नव्हता. देव पावला म्हणायचं. पण दीड-पावणेदोन महिने रायफली घेऊन एक बोट अरबी समुद्रात तरंगते आणि पत्ता लागतो तो किनाऱ्याला लागल्यावर, तर मग डोळे कोणाचे चांगले आणि पैसा कशावर खर्च करायला पाहिजे याचा विचार नको करायला? आमच्याकडं लोक उघड बोलतात की गस्तीच्या बोटीला कधी डिझेल नसतं, कधी इंजिन रिपेरीला गेलेलं असतं, कधी बोट तयार असते तर चालवणारा नसतो, पोलीस भरतीत घाटावरून आलेल्या पोराला समुद्र लागतो आणि तो बिचारा उलट्या करून आडवा होतो, त्याची चूक नाही पण ड्युटी लावणाऱ्याची आहे. इथं भरती-ओहोटी आणि खडक पाठ असलेली पोरं बेकार फिरतायत, त्यांना घ्या की.

म्यानमारच्या १,६४३ किलोमीटर बॉर्डरवर कुंपण घालायचं २०२४ मध्ये सरकारनं जाहीर केलं, रस्त्यासकट ३१ हजार कोटींचा अंदाज बातम्यांत आला होता. तो खर्च करूच नका असं मी म्हणत नाही, मणिपूरची आग आम्ही पण बघितली. पण नागालँडमधलं लोंगवा गाव असं आहे की तिथल्या प्रमुखाचं घरच हद्दीच्या रेषेवर आहे, अर्ध घर भारतात, अर्ध म्यानमारमध्ये. तार नेणार कुठून, ओटीवरून की चुलीवरून? असली गावं असतात तिथं तार नेण्याआधी गावाला विचारायला पाहिजे.

बांगलादेशची बॉर्डर ४,०९६ किलोमीटर, त्यातली तीन हजारावर किलोमीटर कुंपणानं बंद झाली आहे. १९७५ च्या दोन्ही देशांच्या ठरावाप्रमाणे झिरो लाईनपासून, म्हणजे प्रत्यक्ष हद्दीच्या रेषेपासून, दीडशे यार्डाच्या आत बांधकाम करायचं नाही, म्हणून आपलं कुंपण बऱ्याच ठिकाणी आपल्याच जमिनीत आत सरकलंय. त्यामुळं झालं काय की भारताचीच शेतं आणि काही ठिकाणी तर भारताचीच घरं कुंपणाच्या पलीकडं राहिली. स्वतःच्या शेतावर जायला गेटवर ओळखपत्र दाखवा, नोंद करा, गेट ठरलेल्या वेळी उघडणार, ठरलेल्या वेळी बंद. रात्री बाई अडली, कुणाला साप चावला तर गेट उघडेपर्यंत जवानाच्या पाया पडा. उद्या आमच्या वाडीला कुणी सांगितलं की जेटीवर जायला सकाळी सातला गेट उघडेल, तर आमचं भरती-ओहोटीचं गणित कोण सांभाळणार, समुद्र काय सातची वाट बघत बसत नाही. जे लोक देशासाठी हद्दीवर राहतात त्यांनाच कुंपणाबाहेर ठेवायचं आणि वर देशभक्तीचे धडे द्यायचे हे मला पटत नाही. आणि त्याच कुंपणावर ७ जानेवारी २०११ ला फेलानी नावाची पंधरा वर्षांची पोरगी, बापाबरोबर लग्नासाठी परत बांगलादेशात चालली होती, तारेत कपडे अडकले आणि गोळी लागली, कितीतरी तास तशीच लटकत होती. ती पोरगी देशावर हल्ला करायला आली नव्हती, ती तर परत जात होती. भिंत बांधा म्हणणाऱ्यांनी एकदा तो फोटो बघावा आणि मग बोलावं.

बरं एवढं करून येणारे थांबले का? आपल्या रत्नागिरीकडं चिरेखाणीवर बांगलादेशी माणसं पकडल्याच्या बातम्या येतात. ते उडून आले नाहीत. दलाल आहे, नदीचा पट्टा आहे, खोटा आधार बनवून देणारा आहे आणि कमी मजुरीत माणूस पाहिजे म्हणून कागद न बघता ठेवून घेणारा आपलाच मुकादम आहे. त्या मुकादमावर कधी काही कारवाई होते का? पकडलेल्यांना ट्रेनमध्ये बसवतात आणि पुढच्या महिन्यात त्याच खाणीवर दुसरी तुकडी. उलट २०२५ मध्ये मीरा रोडला काम करणारा, पश्चिम बंगालचा, आपलाच नागरिक असलेला माणूस बांगलादेशी म्हणून पलीकडं ढकलला गेला आणि मग परत आणावा लागला. बोलण्याचा हेल ऐकून देश ठरवायला लागलो तर कुंपण कुठलं आणि काय.

आणखी एक सांगायचं राहतं. नेपाळची बॉर्डर १,७५१ किलोमीटर, तिथं कुंपण नाही, १९५० च्या करारानं दोन्हीकडची माणसं व्हिसाशिवाय येतात जातात, सीमेवर एसएसबी, म्हणजे सशस्त्र सीमा बल, असतं. आज आपल्या कोकणात हापूसच्या बागा राखतं कोण? नेपाळी माणूस, बायकोपोरांसकट बागेतल्या खोपीत राहतो, वानरं हाकलतो, फवारणी करतो. १ ऑगस्टला पावसाळी मासेमारीची बंदी उठली की मिरकरवाड्याला, हर्णैला बोटीवर चढणाऱ्या खलाशांत नेपाळी किती असतात ते एकदा जेटीवर जाऊन बघा, आपली पोरं मुंबईला गेली, बोटीवर काम करायला कोणी उरलं नाही म्हणून ते आलेत. सगळ्या बाजूंनी भिंत म्हणणारे गृहस्थ हे विसरले असावेत. नेपाळच्या हद्दीवर पण भिंत घातली तर पुढच्या सीझनला निम्म्या बोटी जेटीलाच बांधून ठेवाव्या लागतील. त्यांची नोंद ठेवा, बोटमालकानं फोटोसकट कागद पोलीस स्टेशनला दिलेच पाहिजेत, ते बरोबरच आहे, आणि जो मालक टाळतो त्याला दंड करा, माझा पूर्ण पाठिंबा. पण नोंद ठेवणं वेगळं आणि वाट बंद करणं वेगळं.

माझं आजोळ बांद्याकडचं. तिथले म्हातारे सांगायचे की १९६१ पर्यंत पत्रादेवीला पोर्तुगीजांच्या गोव्याची हद्द होती, सोयरीक सगळी पलीकडं गोव्यातल्या पेडण्यात, आणि १९५५ नंतर आपल्या सरकारनं नाकेबंदी केली तेव्हा मयताला जायचं तरी परवानगी पाहिजे. घरातली माणसं अडकली पण सोनं आणि दारू आणणाऱ्यांना रानातल्या वाटा माहीत होत्या, त्यांचं काही अडलं नाही. शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्ग बांधला १६६४ ते ६७ मध्ये, तट असा की आजही समुद्र खातोय तरी उभा आहे, पण महाराज तट बांधून गप्प बसले नाहीत, त्याच काळात आरमार उभं केलं आणि त्यात कोळी, भंडारी, इथलीच माणसं घेतली. तटाला माणसांची जोड होती. आज आम्हाला बायोमेट्रिक कार्ड दिलं, बोटींना राज्याप्रमाणे रंग ठरवून दिले, चांगलं केलं, पण विचारपूस करताना आम्हालाच संशयित धरून बोलतात. ज्यानं संशयास्पद बोट बघितल्याची खबर दिली त्यालाच चार दिवस चौकीत फेऱ्या मारायला लावल्या तर पुढच्या वेळी कोण फोन करेल?

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की जिथं गरज आहे तिथं तार लावा, पण तारेच्या खर्चाइतकाच खर्च गेटवरच्या माणसावर, त्याच्या पगारावर, त्याच्यावर नजर ठेवणाऱ्यावर आणि गस्तीच्या बोटीच्या डिझेलवर करा, आणि हद्दीवर राहणाऱ्याला आपला माणूस माना. आमच्या खासदारांनी संसदेत कुंपण किती किलोमीटर झालं हे तर विचारावंच, पण सागरी पोलिसांच्या किती बोटी आज चालू आहेत हे पण विचारावं.

संपादक साहेब, आपल्यालाही एक विनंती. समुद्रात तर तारही नाही आणि दगडही नाही, कच्छ आणि पाकिस्तानमधल्या सर क्रीक खाडीच्या बाजूला हद्द कुठं ते रात्री जाळं टाकणाऱ्याला दिसत नाही, आणि पालघरची आपली माणसं गुजरातच्या बोटींवर कामाला जातात ती पकडली जाऊन कराचीच्या जेलात वर्षानुवर्षं पडतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये तर पालघरचा एक खलाशी पाकिस्तानच्या गोळीबारात बोटीवरच गेला. २००८ च्या करारानुसार दर वर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश एकमेकांना कैद्यांची यादी देतात, त्याची बातमी आपल्याकडं आतल्या पानावर चार ओळीत येते. त्यात महाराष्ट्रातले किती, कुठल्या तालुक्यातले आणि किती वर्षं झाली हे दर वेळी मिळवून छापत जा. आणि सागरी पोलिसांचा १०९३ आणि कोस्ट गार्डचा १५५४ हे दोन नंबर पण त्याच पानावर टाका, आमच्याकडं अजून पुष्कळ बोटींवर ते लिहिलेले नाहीत.

आपला,
एक मच्छीमार वाचक
श्रीवर्धन, जि. रायगड