खांद्याचं विचारणार नव्हतो

रावेर, 9 जून

चि. सागर,
अनेक आशीर्वाद.

मंगळवारी तू फोन कापलास, तेव्हापासून तुझी माय माझ्याशी धड बोललेली नाही. म्हणून लिहायला बसलो. तुझ्या दुखऱ्या खांद्याचं काही विचारायचं नाही, असं ठरवलंय.

वादळात खालच्या मळ्यातली निम्मी केळी आडवी झाली. घड भरत आले होते. तू त्याची काळजी करू नकोस. ट्युनिशियातल्या मोनास्तीरच्या स्पर्धेला जायच्या तिकिटाचं मोठ्या काकांशी बोलणं झालंय, काकूंना मात्र सांगू नकोस.

तुझा हिशेब मला समजतो. 15 हजार डॉलरच्या टेनिस स्पर्धेत मुख्य फेरीची पहिली मॅच काढली की एक गुण, आणि 52 आठवड्यांनी तोही जातो. त्या एका गुणावर एटीपीच्या जागतिक क्रमवारीत तुझं नाव आलं, तेव्हा मी बाजारात ओळखी-अनोळखीला मोबाईल दाखवत फिरलो होतो. म्हणून तो गुण जाऊ नये असं मलाही वाटतं. पण जड घडाचं झाड आपण टेकूशिवाय ठेवतो का? खांदा ठणकत असताना सर्व्ह मारत राहायचं, हे कुठलं शहाणपण?

तू सुमित नागलचं नाव घेतोस. खात्यात 900 युरो उरले होते आणि चारच महिन्यांनी, 2024 च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये, त्याने मानांकित बुब्लिकला हरवलं. खरं आहे. पण 2021 मध्ये त्याने खुब्याचं ऑपरेशन करून घेतलं, कित्येक महिने थांबला, ते तू सांगत नाहीस. थांबल्याने त्याचं काय गेलं?

बघ, लागलो पुन्हा शिकवायला. माफ कर.

बालेवाडीची तुझी पहिली चौदाखालची स्पर्धा आठवते? भुसावळहून महाराष्ट्र एक्स्प्रेसचा जनरल डबा, किटबॅग उशाला. 6-1, 6-0 हरलास. परतीला मनमाडपर्यंत तोंड उघडलं नाहीस. मायने दिलेलं कळण्याच्या भाकरीचं फडकं सोडलं तेव्हा म्हणालास, "अप्पा, बॅकहँड बरा पडत होता ना?" मला तेव्हा बॅकहँड कशाला म्हणतात तेही नीट ठाऊक नव्हतं. तरी हो म्हणालो.

आणि सोळाखालच्या वेळी तू खांदा दुखतो म्हणालास, तर मी म्हटलं, तिकिटाचे पैसे गेलेत, खेळून घे. तू खेळलास. जिंकलासही. रात्री लॉजवर तुला हात वर करता येईना, टी-शर्ट मी काढून दिला. तू रडला नाहीस. मायला मी हे अजून सांगितलेलं नाही.

रॅकेटच्या तारा बदलायला, गटिंगला, पैसे लागले तर कळव, लाजू नकोस. जेवण वेळेवर कर.

तिथे खोलीवर सोबत कोण आहे? टी-शर्ट काढताना हात वर जातो का, तेवढं लिही. हो किंवा नाही, एवढंच.

तुझा,
अप्पा