तक्रार नव्हतीच ती

दुबई
शुक्रवार, रात्री

प्रिय बापू,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. हल्ली मला हाताने पत्र लिहिणारा तू एकटाच उरलास, म्हणून मीही कागद घेऊन बसलोय. मागे फोनवर तू विचारलंस, या वयात उर्दूची अक्षरं कशाला गिरवत बसलायस? तेव्हा मी विषय टाळला, कारण नुकतीच एक फजिती झाली होती आणि ती तुला सांगितली असती तर दिवाळीपर्यंत तू मला सोडलं नसतंस. आता ऑफिसातली चेष्टा ओसरलीय, तेव्हा सांगतो.

आमचा हिशेबनीस कराचीचा आहे. डबा खाऊन झाला की रोज दोन अक्षरं, असं करत त्याने सहा महिन्यांत मला वाचायला शिकवलं. अलिफ, बे, पे, ते. ज्या दिवशी पहिली पाटी लागली त्या दिवसापासून मी पहिलीतल्या पोरासारखा रस्त्यावरचा प्रत्येक फलक मोठ्याने वाचत सुटलो. आणि घोटाळा तिथेच झाला. अक्षरं आली की भाषाही आली असं वाटायला लागतं. त्यातून आमच्या देरा भागातल्या गल्लीत अरबी, फारसी, उर्दू, पश्तू सगळ्या एकाच लिपीत शेजारी शेजारी नांदतात, आणि त्यातले कितीतरी शब्द आपल्या आज्यांच्या तोंडचे! मला वाटायचं, हे तर सगळं मराठीच आहे, नुसतं उजवीकडून लिहिलंय.

तर झालं असं की, इराणच्या बंदर अब्बासहून पिस्त्यांचा माल आला. कागदांच्या गठ्ठ्यात मालाच्या यादीवर कोणीतरी लाल शाईने तिरका शेरा मारला होता. मी एकेक अक्षर लावलं. ते, काफ, रे, अलिफ, रे, शेवटी ये. तकरारी! छाती फुगली माझी. तडक साहेबांपुढे जाऊन उभा राहिलो : माल सोडू नका, याच्यावर तक्रार आहे. खात्रीसाठी हिशेबनिसाला विचारलं, तर तो म्हणाला, "तकरार म्हणजे भांडण. कोणाचं तरी वाजलंय." दोन साक्षी झाल्या. पिस्ते दोन दिवस गोदामात, भाडं आमच्या माथी.

तिसऱ्या दिवशी इराणी दलाल स्वतःच आला. त्याने कागद हातात घेतला, माझ्याकडे पाहिलं, परत कागदाकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. ते लोक उच्चार करतात 'तेक्रारी'. अर्थ काय, तर दुबार. एकदा दिलेलीच यादी चुकून पुन्हा जोडली गेली होती, म्हणून तिकडच्या कारकुनाने बिचाऱ्याने नीटनेटकेपणाने तसं लिहून ठेवलं होतं. ही प्रत फेकून द्या, एवढंच. आमचा इजिप्तचा सहकारी पलीकडून ओरडला, "अरबीतही तेच! तकरार म्हणजे पुन्हा पुन्हा करणं." तुर्क लोक तर अजून 'तेक्रार' म्हणतात ते 'पुन्हा' या अर्थाने, फक्त १९२८ पासून ते रोमन अक्षरांत लिहितात. म्हणजे सगळ्या दुनियेत हा शब्द सरळ आहे, तिढा फक्त आपल्याकडे आल्यावर पडला. माझा आपला अंदाज सांगतो. तेच तेच पुन्हा बोलणं हा मूळ अर्थ. दोघंजण समोरासमोर तेच तेच बोलायला लागले की ते उर्दूतलं भांडण. आणि एकटाच माणूस सरकारी खिडकीपाशी उभा राहून तेच तेच बोलत राहिला, की झाली आपली तक्रार.

गंमत पुढेच आहे. त्यानंतर मी संगणकात तो शब्द शोधायला गेलो, की आणखी कुठे असं झालंय का. निम्म्याच फायली सापडल्या. कारण अरबी कळफलकावरचा काफ आणि फारसी कळफलकावरचा काफ ही यंत्राच्या लेखी दोन वेगळी अक्षरं आहेत. शब्दाच्या मध्ये आले की डोळ्यांना अगदी सारखे दिसतात, यंत्राला मात्र परके. मी ज्यांना एक समजत होतो त्यांना यंत्र वेगळं समजत होतं. यंत्रच शहाणं म्हणायचं.

या लिपीची आणखी एक खोड तुला माहीत असेल. ऱ्हस्व स्वर बहुधा लिहितच नाहीत. तू वाचतोस त्या जुन्या मोडी कागदांतही वेलांटी-उकाराचा घोळ असतो, पण इथे सांगाडा तेवढा देतात, मांस वाचणाऱ्याने आपल्या पदरचं भरायचं. मीम, लाम, काफ लिहिलं की मलिक म्हणजे राजा, मुल्क म्हणजे देश, मिल्क म्हणजे मालमत्ता आणि मलक म्हणजे देवदूत. आणि दीर्घ स्वर लिहिला तरी सुटका नाही. इथल्या इराणी दुकानात दुधाच्या खोक्यावर शीन, ये, रे असं लिहिलेलं असतं. आमचा हिशेबनीस पहिल्यांदा दुबईत आला तेव्हा त्याने ते 'शेर' वाचलं आणि खोक्यावर वाघ-सिंहाचं चित्र का नाही म्हणून शोधत बसला, कारण दुधाला उर्दूत दूधच म्हणतात. फारसीत शीर म्हणजे दूध आणि शेर म्हणजे सिंह, दोन्हींचं लेखन तेच. अफगाण लोक अजून उच्चारात फरक ठेवतात. इराणात तोही पुसला गेलाय, दोन्ही 'शीर', आणि वर नळाची तोटीसुद्धा 'शीर'च! तेराव्या शतकात फारसी कवी रूमीने याच्यावरच बोट ठेवलं होतं : थोरांना आपल्यावरून जोखू नका, लिहिताना शीर आणि शेर सारखेच दिसतात. आपल्याला हा शब्द फक्त ईदच्या वाडग्यातून ठाऊक. खालच्या आळीतून शीरखुर्मा यायचा, आठवतं? दूध आणि खजूर, एवढाच त्या नावाचा अर्थ. चाळीस वर्षं खाल्ला, कळलं आत्ता.

पण माझा सगळ्यात लाडका शब्द वेगळाच आहे. बे, नून, दाल, रे. बंदर.

पाचवीत हिंदी सुरू झालं तेव्हा 'बंदर पेड़ पर चढ़ता है' वाचून तू उभा राहून विचारलं होतंस, की गुरुजी, बंदर झाडावर कसं चढेल? मिऱ्या बंदर बघत वाढलेल्या पोराने आणखी काय विचारायचं? सगळा वर्ग हसला आणि तू छडी खाल्लीस. अन्याय झाला तुझ्यावर, हे मी आता पुराव्यानिशी सांगू शकतो. फारसीत बंदर म्हणजे बंदरच, ते बंदर अब्बास काही माकडांचं नव्हे. तो शब्द गलबतांबरोबर आपल्या किनाऱ्याला लागला. उर्दू-हिंदीतला बंदर मात्र संस्कृत वानरापासून चालत चालत आलेला. दोघांचा काडीचा संबंध नाही, पण उर्दूत लिहायची वेळ आली की दोघे एकाच कपड्यात. कराचीत एक मोठा रस्ता आहे, कागदोपत्री त्याला जिनांचं नाव दिलंय, लोक बंदर रोडच म्हणतात. आमचा हिशेबनीस सांगतो, लहानपणी तो वडिलांच्या खांद्यावरून त्या रस्त्याने जाताना माकडं शोधायचा. बघ, तुला बंदरात माकड दिसेना आणि त्याला माकडांत बंदर! दोघांची एकदा गाठ घालून द्यायला हवी.

आणि हा शब्द तिथेही थांबत नाही. मलय लोकांनी तो नेला आणि त्यांच्याकडे त्याचा अर्थ झाला गाव, शहर. ब्रुनेईच्या राजधानीचं नाव बंदर सेरी बेगावान, आणि तिथल्या पाट्यांवर अजून अरबी वळणाच्या जावी लिपीत तीच चार अक्षरं असतात. इजिप्तमध्येही तालुक्याच्या गावाला बंदर म्हणत आलेत. बंदराभोवती गाव वसलं, मग पाणी विसरलं आणि गाव राहिलं. सौदीत तर ते चक्क माणसाचं नाव आहे. वॉशिंग्टनमध्ये १९८३ पासून २००५ पर्यंत सौदीचा राजदूत होता तो बंदर बिन सुलतान. हिंदी बातम्या वाचणाऱ्यांची काय त्रेधा होत असेल!

आता तुझ्या प्रांतातलं. आमच्या इमारतीच्या समोर भाड्याची जाहिरात लागलीय. शीन, हे, रे, आणि पुढे 'मज्जानन'. मज्जानन म्हणजे फुकट हे मला ठाऊक होतं, तेव्हा मी वाचलं : शहर फुकट. अख्खं शहर! म्हटलं, शेखसाहेबांची मर्जी. प्रत्यक्षात अरबीत शहर म्हणजे महिना. वर्षाचं भाडं भरा, एक महिना माफ. फारसीत आणि उर्दूत तेच लेखन म्हणजे गाव, आणि आपण तिथूनच उचललं. पण बापू, तुझ्या मोडी कागदांत तर दोन्ही आहेत रे! तू ज्या 'शुहूर सन'च्या तारखा लावतोस तो शुहूर म्हणजे याच अरबी शहरचं अनेकवचन, महिने. वर्ष मृगापासून धरायचं, ५९९ किंवा ६०० मिळवून इसवी सन काढायचा, हे तूच मला शिकवलंस. आणि त्याच कागदात चार ओळी खाली 'शहर पुणे' येतं.

तू मागच्या पत्रात उतरवून पाठवलेला तो सन मी त्या इजिप्तच्या माणसाला मुद्दाम वाचून दाखवला. खमस सबैन मया व अलफ. पहिल्यांदा त्याला कळेना मी कुठली भाषा बोलतोय. मग हळूहळू त्याचे डोळे मोठे झाले. पाच, सत्तर, शंभर आणि हजार. अकराशे पंचाहत्तर! म्हणाला, हा कुठल्या मौलवीचा कागद? म्हटलं, पुण्याच्या ब्राह्मण कारकुनाचा, १७७४-७५ सालचा. तो खुर्चीतच बसून राहिला. मला उगाच फार बरं वाटलं, जणू तो कागद मीच लिहिला होता.

आणि दफ्तर! याच्यावर आमच्याकडे एक अख्खी दुपार गेली. इजिप्तवाल्याच्या मुलीच्या शाळेने यादी दिली होती, पाच दफ्तरं आणा. मी म्हटलं, एका पोरीला पाच दप्तरं? पाठीवर किती लादणार? तर अरबीत दफ्तर म्हणजे वही. हिशेबनीस म्हणाला, दफ्तर म्हणजे आपण बसलोय ते, कचेरी. इराणी दलालाच्या मते दोन्ही बरोबर. मलयमध्ये दफ्तर म्हणजे यादी, नोंदवही. आणि मी त्यांना सांगितलं की आमची पोरं दप्तर पाठीला लावून शाळेत जातात. कचेरी पाठीला? हसून हसून पुरेवाट. आपल्याकडे वही वाढत वाढत वह्यांची पिशवी झाली आणि दुसऱ्या बाजूने कागदांचं कोठार झालं, तुझं ते पेशवे दफ्तर, ज्यातून इतिहासकार सरदेसायांनी ४५ खंड काढले तरी रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, संपले नाहीत. मूळ ग्रीकांकडचं, कातडं या अर्थाचं, कारण आधी कातड्यावर लिहीत. त्याच ग्रीक शब्दावरून डिफ्थेरिया हे नाव पडलं, घशात कातड्यासारखा पापुद्रा धरतो म्हणून. म्हणजे दप्तर आणि घटसर्प हे चुलतभाऊ. शाळेत जायला रडायचो ते उगाच नाही.

शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून यावनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, हे तू नेहमी सांगतोस. खरं आहे. पण दप्तर काही आपल्या पाठीवरून उतरलं नाही.

एक शब्द राहिला. इथे कोणी कोणाला 'गरीब' म्हटलं तर आधी मला राग यायचा. अरबीत गरीब म्हणजे परका, अनोळखी, विचित्र. परदेशात राहण्याला ते 'गुरबा' म्हणतात. आपला गरीब त्यातूनच आलेला, परका म्हणून निराधार, निराधार म्हणून दरिद्री. मी घर सोडलं ते मराठीतलं गरीबपण घालवायला, आणि बावीस वर्षं झाली, अरबीतलं भोगतोय. असो. आईला हे वाचून दाखवू नकोस.

मेमध्ये येतोय, तिकीट काढलंय. त्या इराणी दलालाने मला पाच किलो पिस्ते भेट दिलेत, पिशवीवर त्याने स्वतःच्या हाताने मोठ्या अक्षरांत 'तकरारी' लिहिलंय. ती पिशवी तुझ्यासाठी आणतो. तू फक्त एक कर. तुझ्या रुमालांत कुठे 'तकरार' सापडली तर तो कागद नीट वाच, आणि भांडण आहे की तक्रार की नुसतंच दुबार, ते मला कळव.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
दिग्या