ती निलगिरी नाही, कहू आहे

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारच्या पेपरात आमच्या गावच्या मामा तलावाचा (मामा म्हणजे माजी मालगुजारी, जुन्या मालगुजारांच्या काळचा) फोटो आला, फोटो छान पण खाली लिहिलं ‘पाळीवरची जुनी निलगिरी’ (पाळ म्हणजे तलावाचा बांध). अहो साहेब, तो कहू आहे, पुस्तकात ज्याला अर्जुन म्हणतात तो. गंमत म्हणजे आमच्या तालुक्याचं नावच अर्जुनी. पांढुरकं गुळगुळीत खोड दिसलं की लोक निलगिरी म्हणून मोकळे होतात.

ओळखायला सोपं आहे. पान चुरगाळून पहा, निलगिरीचा वास बामसारखा नाकात चढते, कहूला तसं काही नाही. कहूचं पान पेरूसारखं लांबट, देठाजवळ खालून दोन बारीक गाठी बोटाला लागतात. फळ लाकडासारखं कडक, उभ्या पाच धारा, थेट कमरखावाणी (स्टारफ्रूट म्हणतात ते). ऐन म्हणून कहूच्याच भावकीतलं झाड आहे, त्याच्या फळाला बी पाच पंख असतात म्हणून तिथं साल पहायची, ऐनाची मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली अन् कहूची पापुद्रे सुटणारी.

हे झाड नदीनाल्याच्या काठचं, पाय ओले असले की खूष, अन् मुळं माती अशी धरून ठेवतात की पूर आला तरी काठ ढासळत नाही. नवेगावबांधसारखे तलाव बांधणारे कोहळी लोक काही इंजिनिअरिंग शिकले नव्हते, पण पाळीवर काय टिकते ते त्यांना बरोबर कळत होतं. आमच्याकडचे मासेमारी करणारे ढिवर लोक ऐन अन् कहूवरच कोशाच्या अळ्या पोसतात, त्यातूनच टसरचं रेशीम निघते. लाकूड बैलबंडीला, औजाराला, साल चामडं कमवायला. आजी साल दुधात उकळून छातीच्या दुखण्यावर द्यायची (आता कोणी हार्टच्या गोळ्या सोडून काढा पिऊ नका बरं). अन् साल काढायची तर एका बाजूनं थोडी, खोडाला गोल वेढा घालून सोलली की झाड उभं वाळते, नाल्यावरचे दोन कहू असेच गेले.

एवढ्यासाठी पत्र कशाला म्हणाल तर पाळीच्या दुरुस्तीत तोडायच्या झाडांवर चुन्यानं नंबर टाकलेत अन् कागदावर लिहिलंय निलगिरी, १७ नग. मी सतराही झाडं हात लावून पाहिली, एक बी निलगिरी नाही. तेवढी दुरुस्ती छापा साहेब, म्हणजे कात्रण ग्रामसभेत दाखवता येईल, कारण तुमचं मागचं कात्रण त्यांनी आधीच फाईलला लावलंय.

एक शेतकरी वाचक,
ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया