दोरा संपला म्हणून उठायचं नाही

प्रिय काकू,

साष्टांग नमस्कार.

प्रबंध अखेर विद्यापीठात जमा झाला. सुरुवातीच्या पानांवर मार्गदर्शक, ग्रंथालय, घरची मंडळी अशा सगळ्यांचे आभार रीतसर छापलेत. तुमच्यासाठीही एक ओळ लिहिली होती, पण ‘वाकळ शिवणाऱ्या घरमालकीणबाईंचे आभार’ हे वाचून कुणाला काय कळणार? म्हणून खोडली आणि हे पत्र सगळ्यांसमोर लिहायला घेतलं. नात वाचून दाखवेलच. मध्येच “काय तरीच लिवलंय पोरीनं” म्हणू नका, पुरतं ऐका.

तुमच्या माडीवर मी राहायला आले तेव्हा माझं तिसरं प्रकरण दोन वर्षं अर्धवट पडलं होतं. गंमत म्हणजे मी मानसशास्त्र शिकवते. अर्धवट कामं मनाला कशी धरून ठेवतात, यावर दरवर्षी वर्गात एक तास घेते. मूळच्या लिथुएनियाच्या ब्ल्यूमा झायगार्निक या बाईंनी बर्लिनमध्ये केलेले प्रयोग 1927 साली प्रसिद्ध झाले. त्यांनी लोकांना कोडी, मातीच्या आकृत्या, मणी ओवणं अशी वीसेक छोटी कामं दिली, त्यातली निम्मी मध्येच थांबवली आणि शेवटी विचारलं, काय काय आठवतंय? अडवलेली कामं पुरी झालेल्या कामांच्या जवळजवळ दुप्पट आठवली. हे मुलांना रंगवून सांगायचं आणि घरी येऊन लॅपटॉप न उघडताच झोपायचं, असं माझं चाललं होतं. तिसरं प्रकरण मला आठवत होतं, हो. रात्री दोन वाजताही आठवायचं. पण हात काही लागत नव्हता त्याला.

मग एका संध्याकाळी तुम्ही जिन्यातून हाक मारलीत, “बाळ, जरा सुई ओवून दे गं, दिसंना झालंय.” सोप्यात वाकळ पसरली होती. जुन्या सुती लुगड्यांचे थर, वर ठिगळं, कडेपासून आत आत सरकत गेलेला धावदोरा. मी सुई ओवून दिली. तुम्ही चार टाके घातलेत, पाचव्यासाठी सुई कापडात अर्धी खुपसलीत आणि वाकळ गुंडाळून उठलात. मला कळेना. चारच टाके घालायचे होते तर सकाळी उजेडात सुई ओवली असती, तर बिघडलं असतं का?

तुम्ही म्हणालात, “दोरा संपला म्हणून उठायचं नाही. नवा ओवायचा, चार टाकं घालायचं, मग उठायचं. न्हाईतर सकाळी वाकळंकडं बघूस वाटत न्हाई.”

काकू, त्या रात्री मी माझी टिपणं काढून बसले, प्रबंधाची नव्हे, वर्गात शिकवते ती. झायगार्निकबाईंच्या पुढच्याच वर्षी, 1928 मध्ये, त्यांच्याच गटातल्या मारिया ओव्सियांकिना यांनी दाखवलं होतं की मध्येच तोडलेलं काम माणसं कुणी न सांगता, बक्षीस नसताना पुन्हा हातात घेतात. पुढे 2011 मध्ये मॅसिकॅम्पो आणि बॉमायस्टर या दोघांना आढळलं की अपुरं काम दुसऱ्या कामात मन लागू देत नाही. पण ते कसं पुरं करायचं हे नेमकं ठरवलं की, काम तसंच अपुरं असूनही त्याची टोचणी थांबते. हे सगळं मला पाठ होतं. माझं काम सुटलेलं होतं ते नेमक्या अडलेल्या जागी, हे मात्र लक्षात आलं नव्हतं. मी दोरा संपला की उठत होते. म्हणून ओढ लागायची ती सगळी रात्रीच्या जागरणात जायची.

दुसऱ्या दिवसापासून एक परिच्छेद संपला की पुढच्याची दोन वाक्यं लिहायची, तिसऱ्यात काय येणार ते पेन्सिलीने टिपायचं आणि हात राखून उठायचं, असं सुरू केलं. सुरुवातीला जीवावर यायचं. लिहिणं रंगात आलंय आणि उठायचं? एकदा हट्टाने रात्री एकपर्यंत बसून मुद्दा संपवला आणि पुढचे तीन दिवस कोरं पान बघत बसले. तुम्हाला सांगितलं नाही, बोलणी खाल्ली असती. आणि प्रत्येक दिवस काही सरळ गेला नाही. तक्त्यांमधले आकडे चुकले तेव्हा पुढचा टाका माहीत असूनही काही उपयोग झाला नाही, सगळं उसवावंच लागलं. पण सकाळी चहा घेऊन टेबलाशी बसायला भीती वाटेनाशी झाली. तिसरं प्रकरण सात आठवड्यांत संपलं.

दिवाळीत चार दिवस येते आहे. डोळे दाखवून आलात का? नसाल तर मी घेऊन जाईन. तोवर सुयांची डबी आणि दोऱ्याची रिळं माडीवर काढून ठेवा, निघताना आठ-दहा सुया ओवून देते.

तुमची,
माडीवरची पोर