पडलेले झाडही जंगलातच राहू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सरकारी मालकीच्या प्राचीन जंगलांविषयीची चर्चा बहुधा किती झाडे तोडली आणि किती लावली, या हिशेबापाशीच थांबते. शेकडो वर्षे कुऱ्हाड न लागलेल्या जंगलाचा व्यवस्थापन आराखडा होतो तेव्हा उभ्या, हिरव्या झाडांना संरक्षण मिळते. वठलेली, किडलेली आणि वादळात पडलेली झाडे मात्र 'उचलण्याजोगे लाकूड' ठरतात, आणि यंत्रांना आत शिरायला नेमकी तीच वाट सापडते.

पोलंडमधील बियावोवेझा जंगलात हेच घडले. स्प्रूस वृक्षांना साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांनी ग्रासले असल्याचे कारण देऊन २०१६ मध्ये तेथील एका वनक्षेत्राच्या आराखड्यातील तोडीची मर्यादा सुमारे ६३ हजार घनमीटरवरून १ लाख ८८ हजार घनमीटरवर नेण्यात आली. शंभरीपार झाडेही त्यात गेली. युरोपीय संघाच्या न्यायालयाने एप्रिल २०१८ मध्ये हा निर्णय युरोपीय कायद्याचा भंग करणारा ठरवला. तीन बोटांचा सुतारपक्षी याच भुंगेऱ्यांवर जगतो आणि वठलेल्या झाडांत घर करतो, म्हणजे रोग हटवण्याच्या नावाखाली वैद्यालाच घराबाहेर काढले जात होते!

ओलसर जुन्या जंगलात पडलेला मोठा ओंडका कुजायला अनेक दशके, कधी शतकेही लागतात. तो पाणी धरून ठेवतो, त्यावर शेवाळ चढते आणि शेवाळात रोपे रुजतात. पुढे ओंडका मातीत मिसळून गेला तरी एका ओळीत उभी असलेली, कमानीसारख्या मुळांची झाडे त्याची जागा दाखवत राहतात. तो ट्रकवर चढला की पुढची ही रांगच उगवत नाही.

अमेरिकेच्या वायव्य भागातील संघीय वनांसाठी १९९४ मध्ये झालेल्या आराखड्यातील एक गोष्ट मला घेण्यासारखी वाटते. राखीव ठेवलेल्या जुन्या वनांतील विरळणीला त्यात, कॅस्केड पर्वतरांगेच्या पश्चिमेस, ८० वर्षांच्या वयाची मर्यादा घातली होती, म्हणजे त्याहून जुन्या झाडीत दाटी कमी करण्यासाठी झाडे काढायची नव्हती. वय जागेवर जाऊन तपासता येते. 'जंगलाच्या आरोग्यासाठी' या शब्दांचा अर्थ मात्र ज्याला जसा हवा तसा लावता येतो. त्याच देशात जुन्या वनांच्या रक्षणासाठी १२८ वन-आराखड्यांत बदल सुचवणारा प्रस्ताव डिसेंबर २०२३ मध्ये आला आणि जानेवारी २०२५ मध्ये मागेही घेतला गेला, त्यामुळे असे नियम अधिकाऱ्यांच्या मर्जीवर न सोडता कायद्यातच यावेत, असे माझे मत आहे.

कशालाच हात लावू नये, असे मी म्हणत नाही. कोरड्या, वणव्याच्या प्रदेशातील जुन्या वनांत नियंत्रित आग आणि लहान झाडांची विरळणी आवश्यक असते. कॅलिफोर्नियात २०२० आणि २०२१ च्या वणव्यांत महाकाय सिकोयांपैकी १३ ते १९ टक्के मोठे वृक्ष गेले, असा तेथील राष्ट्रीय उद्यान विभागाचा अंदाज आहे. दमट जंगलाला मात्र तोच उपाय डोळे झाकून लावू नये.

म्हणून मृत लाकूड हलवण्यासाठीही हिरवे झाड तोडण्याइतकीच कडक परवानगी लागावी आणि कारण झाडागणिक नोंदले जावे. वाटेवर कलंडलेले धोकादायक झाड पाडावे लागलेच, तर ते पाडून तिथेच पडू द्यावे.

आपला,
एक वाचक