जॉर्जियाच्या फुटबॉलमधला चिवाद्झे का दिसत नाही?

संपादक साहेब, नमस्कार,

युरो २०२४ मध्ये जॉर्जियाने पोर्तुगालला २-० हरवलं तेव्हापासून तुमच्या क्रीडा पानावर जॉर्जिया म्हटलं की त्यांचा स्टार फॉरवर्ड क्वारात्सखेलियाचा फोटो आणि "इवल्याशा देशाची कमाल" छापाची हेडिंग, दुसरं काही नाही. पोरगा भारी आहे, वादच नाही. पण वाचून असं वाटतं की ही टीम परवापरवा जमिनीतून उगवली, आणि तसं अजिबात नाहीये म्हणून हे पत्र.

अलेक्सांद्रे चिवाद्झे हे नाव तुमच्या पेपरात मला तरी कधी दिसलं नाही. जॉर्जियाच्या राजधानीतल्या डिनामो तिबिलिसी क्लबचा डिफेंडर, कॅप्टन, लिबेरो खेळायचा म्हणजे सगळ्या डिफेन्सच्या मागे उभा राहायचं आणि संधी दिसली की बॉल घेऊन सरळ पुढे निघायचं. १९७४ ते १९८७ एकाच क्लबात काढली माणसाने. तेव्हा जॉर्जिया सोव्हिएत युनियनमध्ये, त्यामुळे तिबिलिसीची गाठ मॉस्को आणि कीवच्या बड्या क्लबांशी, तरी १९७८ ला त्यांनी लीग जिंकली आणि १९८० ला सोव्हिएत युनियनचा वर्षातला सर्वोत्तम फुटबॉलर म्हणून याची निवड झाली. डिफेंडरला असला मान सहसा मिळत नाही, तो गोल मारणारेच घेऊन जातात.

अर्थात हा गोलही मारायचा. १९७९ ला युरोपियन कपमध्ये (आताची चॅम्पियन्स लीग) लिव्हरपूलच्या मैदानावर मारला, ती मॅच हरले पण तिबिलिसीत लिव्हरपूलला ३-० असं धुतलं की त्या वेळचा एवढा मोठा क्लब पहिल्याच राउंडला घरी, आणि त्या तिनातला एक परत याचाच. मग मार्च १९८१, कप विनर्स कप, म्हणजे युरोपातल्या देशोदेशीच्या कप विजेत्या क्लबांची स्पर्धा, लंडनमध्ये वेस्ट हॅमविरुद्ध क्वार्टर फायनल. पहिला गोल चिवाद्झेने लांबून असा हाणला की गोलकीपरला काही करताच आलं नाही, मॅच ४-१ आणि वेस्ट हॅमचेच लोक टाळ्या वाजवतायत. पुढे १३ मे ला ड्युसेलडॉर्फला फायनल, समोर पूर्व जर्मनीचा कार्ल झाइस येना, स्टेडियममध्ये दहा हजार माणसंसुद्धा नाहीत. येनाने आधी गोल केला, चार मिनिटांत तिबिलिसीच्या गुत्साएवने फेडला, आणि ८६ व्या मिनिटाला दारासेलियाने मॅच काढली. २-१, कप उचलला चिवाद्झेने.

पुढच्याच वर्षी स्पेनच्या वर्ल्ड कपला सोव्हिएत टीमचा कॅप्टनही हाच. स्कॉटलंड १-० पुढे असताना बरोबरी करून देणारा गोल याचा, मॅच २-२ सुटली आणि गोलफरकावर स्कॉटलंड बाहेर गेलं. त्या टीमला तीन तीन कोच दिले होते, बेस्कोव्ह, लोबानोव्स्की आणि अखाल्कात्सी, तिघांची तोंडं तीन दिशांना. असल्या कारभारात कॅप्टनने नेमकं कोणाचं ऐकायचं हे देव जाणे.

आता कोच म्हणून. १९९३ ला जॉर्जियाची टीम याच्या हातात आली तेव्हा देश नुकता स्वतंत्र झालेला, गृहयुद्ध आणि अबखाझिया या फुटू पाहणाऱ्या प्रांतातली लढाई होऊन गेलेली, तिबिलिसीत विजेचा पत्ता नसायचा. युरो ९६ ही त्यांची पहिलीच क्वालिफायिंग आणि पहिल्याच मॅचला घरच्या मैदानावर मोल्दोव्हाकडून हार! दुसरा कोच असता तर टीम आवळून बचाव करत बसला असता, आणि हा तर स्वतः डिफेंडर. पण नोव्हेंबर १९९४ ला याच टीमने वेल्सला ५-० हाणलं. केत्सबाया, किंक्लाद्झे, अर्वेलाद्झे सगळे सुटलेले. नंतर कार्डिफला जाऊनही १-० जिंकले, किंक्लाद्झेने कीपरच्या डोक्यावरून बॉल टाकला, त्याच उन्हाळ्यात मॅंचेस्टर सिटीने त्याला घेतलं. १९९४ च्या वर्ल्ड कपला चौथी आलेली बल्गेरिया, त्यांचा स्टार स्टॉइचकोव्हसकट, तीही तिबिलिसीत २-१ हरली. जर्मनीपुढे मात्र दोन्ही वेळा डाळ शिजली नाही, शेवटी ग्रुपमध्ये तिसरे.

दुसऱ्यांदा, २००१ ते २००३, तेवढं जमलं नाही हेही लिहा, उगाच आरती नको. ऑक्टोबर २००२ ला रशियाविरुद्धची मॅच तर स्टेडियमचे लाइट गेले म्हणून ०-० वर अर्ध्यात सोडावी लागली, त्यात कोच बिचारा काय करणार. माझं मत विचाराल तर कोच म्हणून त्याची खरी कमाई वेल्सवाली ती दोन वर्षंच, पण जॉर्जिया स्वतःच्या नावाने कोणालाही हरवू शकतो हे लोकांनी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

तुमच्याकडे फुटबॉलवर लिहिणारी चांगली माणसं आहेत. एखाद्या रविवारी अर्धं पान चिवाद्झेला द्या, वेस्ट हॅमच्या मॅचचा फोटो मिळाला तर फारच उत्तम. आणि पुढच्या वेळी जॉर्जिया जिंकली की हेडिंगमधून "इवलासा देश" तेवढं काढा.

आपला,
क्रीडा पान आधी उघडणारा एक वाचक